वांगडी

समजा, उद्या एखाद्या खटपट्या माणसाने वांग्यावर कोंबडीचे कलम केले. देठाला लोंबकळणारी, जांभळ्या पिसांची ‘वांगडी’! तर ती श्रावणात चालेल का?

हसू नका. असला पेच माणसाने पूर्वी एकदा सोडवला आहे. बाराव्या शतकात आयर्लंडच्या किनाऱ्यावर एक रानहंस येई. तो अंडी घाली दूर उत्तर ध्रुवाकडे, त्यामुळे त्याचे घरटे कोणी पाहिलेले नव्हते. लोक म्हणत, हा समुद्रात वाहणाऱ्या लाकडावर शिंपल्यासारखा उगवतो. मग ते मांस कसले? जेराल्ड नावाच्या वेल्श धर्मगुरूने लिहून ठेवले आहे, की तिथले काही बिशप उपवासात हा पक्षी खुशाल खात!

आपण तरी वेगळे काय करतो? बटाटा, शेंगदाणा आणि साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो टॅपिओका, तिघांचेही माहेर दक्षिण अमेरिका. उपवासाला तिघेही सोवळे. इथल्याच मातीतले वांगे मात्र चातुर्मासात घराबाहेर!

बँकेत ज्या रकमेचे खाते लागत नाही ती आम्ही ‘सस्पेन्स’मध्ये टाकतो आणि निकाल लागेपर्यंत तिला हात लावत नाही. सदसद्विवेकबुद्धीच्या खतावणीत मात्र हे खातेच नाही. तिथे शंकेची रक्कम थेट जिभेच्या नावावर जमा.

निसर्गाला अशी खतावणी ठाऊकच नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एक समुद्री गोगलगाय शेवाळ खाते, त्यातले हरितद्रव्य अंगात जपते आणि पानासारखी हिरवीगार दिसते. आता तिला शाकाहारी म्हणायचे, की शाक?

मध्ययुगात युरोपात आणखी एक कथा होती. तार्तर देशात म्हणे झाडाला कोकरू लागते. बेंबीने देठाला बांधलेले ते पोर तोंड पोचेल तेवढे गवत खाते आणि गवत संपले की उपाशी मरते. त्याचे मांस किती गोड, हे लोकांनी चवीने सांगितले. त्याला कोणी मूठभर गवत घातल्याचे मात्र ऐकिवात नाही.

म्हणजे प्राणी की भाजी, हा प्रश्न नंतरचा. आधीचा प्रश्न वेगळाच असतो.

मी वांगडीचा पेच आमच्या सौ.पुढे मांडला. तिने गंभीरपणे ऐकून घेतले आणि विचारले,

“अहो, पण ती भरून करायची, की रस्सा?”