जाळीबाहेरचा जीव

शत्रूला मारणे आणि शत्रूला दार न उघडणे, या दोन गोष्टींत अंतर किती? प्रश्न मोठा आहे आणि मोठ्या माणसांनी मोठ्या ग्रंथांत तो चर्चिलेलाही आहे. माझ्यापुढे मात्र तो वांग्याच्या वाफ्यात उभा राहिला. दिवाळीच्या फराळाबरोबर अळीची गोष्ट वाचायला देतो म्हणून वाचकांनी रागावू नये. भरल्या वांग्यासाठी वांगे चिरताना आत निघणारी ती गुलाबीसर अळी घरोघरच्या गृहिणींच्या चांगल्या ओळखीची आहे; तिच्याविषयी मला शिकवण्याचा अधिकार खरे तर त्यांचाच.

ही अळी म्हणजे एका लहानशा पांढरट पतंगाचे अपत्य. पतंग रात्री येतो, पानांवर आणि कळ्यांवर अंडी घालून जातो. अंड्यातून निघालेली अळी कोवळ्या शेंड्यात नाहीतर फळात शिरते आणि जणू आतून कडी लावून घेते. मग बाहेरचे औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. ती आत जाण्यापूर्वीच गाठावी म्हणून बागवाला पुन्हा पुन्हा फवारतो, आणि तेच वांगे चार दिवसांनी बाजारात येते. या एका अळीसाठी जालन्याच्या महिको कंपनीने बीटी वांगे तयार केले आणि २०१० च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने ते रोखून धरले. त्या वादात मी पडत नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली, एवढे मात्र विसरता येत नाही. मारण्याचे हत्यार हातात घेतले की ते कोणाला लागेल याची खात्री हत्यार देत नाही.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात पाण्याचा हिशेब घागरीने होतो. इथली परसबाग म्हणजे भांडी धुतलेल्या पाण्यावर जगणारी चार वांगी, पाच-सहा टोमॅटो, दोन मिरच्या आणि न्हाणीघराच्या मोरीपाशी चढवलेला एखादा दोडक्याचा वेल. एवढ्याशा बागेवर विष शिंपडणे म्हणजे आपल्याच ताटाभोवती चित्राहुतीऐवजी विष फिरवणे. म्हणून अलीकडे पुष्कळ ठिकाणी एक स्वस्त उपाय दिसू लागला आहे. बांबूच्या कामट्या वाकवून वाफ्यावर कमानी करायच्या, त्यांवर नायलॉनची बारीक जाळी टाकायची आणि कडा मातीत पुरायच्या. मीटरवर मिळणारी जाळी नसेल तर फाटलेल्या मच्छरदाणीला ठिगळे लावूनही काम भागते. टोमॅटोची पाने मुरडून टाकणारा रोग पांढऱ्या माशीच्या तोंडून येतो. तिच्यासाठी इंचाला चाळीस-पन्नास छिद्रे असलेली जाळी लागते. पतंगाला याहून जाड विणीची पुरते. पान मात्र जाळीला टेकता कामा नये, कारण पतंग जाळीवर बसून छिद्रातून पानावर अंडी घालतो. आणि मागच्या हंगामात जिथे वांगी होती तिथेच पुन्हा वांगी लावून वर जाळी घालणे म्हणजे चोराला घरात कोंडून बाहेर पहारा करणे होय. जुने कोष मातीत असतात, त्यांतून पतंग जाळीच्या आतच जन्मतात.

असे हे साधन. दिसायला किती निष्पाप! कोणी मरत नाही, कोणाला वास येत नाही, पोरे शेजारी खेळू शकतात.

धाराशिव गावाजवळ डोंगरात कोरलेली लेणी आहेत. मुळात ती बौद्धांची असावीत आणि पुढे जैनांची झाली, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. या दोन्ही धर्मांत एक वस्तू समान होती: पाणी गाळण्याचे फडके. बौद्ध भिक्षूच्या मोजक्या वस्तूंत त्याची गणना होते. मला हे फडके मानवाच्या मोठ्या शोधांपैकी एक वाटते. तलवारीने जीव मारणारी माणसे उदंड झाली. पण जीव मरू नये म्हणून कापड विणणारा माणूस निराळाच म्हटला पाहिजे. आपली वांग्यावरची जाळी ही त्या फडक्याचीच दूरची नात आहे, असे समजून मी काही दिवस समाधानात होतो.

ते समाधान मोडले शाळेच्या परसबागेत. पोषण आहाराच्या आमटीत पडावी म्हणून मुलांनी तिथे थोडी भाजी लावली आहे. जाळीला बाहेरून चिकटून बसलेल्या एका पतंगाकडे पाहत चौथीतला एक मुलगा म्हणाला, "गुर्जी, मग ह्ये पाखरू कुणाच्या वाफ्यात जायलंय?"

पाणी गाळणारा श्रावक फडक्यात राहिलेले जीव ज्या विहिरीचे पाणी असेल त्याच विहिरीत परत सोडतो. म्हणजे त्यांचे जगणे हिरावून घेत नाही. आपण काय करतो? आपण पतंगाला मारत नाही, फक्त त्याचे घर बंद करतो. या पतंगाचा जवळजवळ सारा वंश वांग्याच्या कुळावर पोसला जातो. सगळ्या गावाने जाळ्या लावल्या तर तो उपासाने मरेल आणि आपले हात स्वच्छ राहतील. हात स्वच्छ राहिले म्हणून कृत्य स्वच्छ झाले काय? दुष्काळात कोठाराला कुलूप लावणाऱ्यानेही कोणावर काठी उगारलेली नसते.

येथे कोणी म्हणेल, मास्तर, अळीसाठी एवढा कळवळा? तर मी म्हणेन, कळवळा नव्हे, हिशेब. माझे अन्न राखण्याचा हक्क मला आहे असे मी मानतो. तो पतंगाच्या हक्काहून मोठा आहे हे सिद्ध करता येत नसले तरी मानतो, कारण ते न मानणारा माणूस उद्या जिवंत राहणार नाही. परंतु आपण निर्दोष आहोत, हे त्यावरचे व्याज मला मागायचे नाही.

आपल्या जुन्या लोकांनी हे व्याज मागितले नव्हते. ते गोफण फिरवीत, माच्यावर उभे राहून पाखरे हाकीत, आणि तरी पाखरांचा वाटा धरूनच पेरीत. खळ्यावरून आणलेली चार कणसे चिमण्यांसाठी वळचणीला टांगीत. वेळ अमावस्येला आमच्या भागातले सारे गाव भज्जी-आंबील घेऊन शेतात जाते, कडब्याच्या कोपीत पांडव पूजते आणि आंबील शिवारभर शिंपते. हाकणे आणि देणे यांत त्यांना विसंगती वाटत नसे. पाखराला सरसकट शत्रू ठरवले की काय होते ते चीनने १९५८ साली पाहिले. धान्य खाते म्हणून चिमणी देशभर मारण्यात आली. पुढे किडींचे आणि टोळांचे फावले, दुष्काळाच्या संकटात भर पडली, आणि १९६० साली मारायच्या यादीतून चिमणीचे नाव काढून तिथे ढेकणाचे घालावे लागले. चिमणी धान्याबरोबर अळ्याही खात होती, हे लक्षात यायला उशीर झाला.

जाळीचा दोषही हाच, की तिला मित्र ओळखता येत नाही. काकडीची, दोडक्याची नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात. मधमाशी किंवा दुसरा एखादा कीटक फिरला नाही तर फळ धरत नाही. म्हणून वेल फुलावर आला की जाळी उघडावी लागते. तीही वेळ पाहून, कारण काकडी सकाळी फुलते आणि दोडका दिवस कलताना. नाहीतर पीसाची काडी घेऊन आपणच माशीचे काम करावे. वांगे, मिरची, टोमॅटो स्वतःच्याच फुलावर धरतात, त्यांना वाऱ्याचा हेलकावा बहुधा पुरतो. मावा मात्र कसाबसा आत शिरलाच, तर त्याला खाणारा ठिपक्यांचा ढालकिडा बाहेर ताटकळत राहतो आणि आत माव्याचे राज्य होते. तटबंदी करणाऱ्याने रोज सकाळी तटाच्या आत पाहिले पाहिजे. जाळी टाकून निजायला जाणाऱ्याने ती न टाकलेली बरी.

एकदा एका म्हाताऱ्या माळ्याच्या वाफ्यावर मासेमारीची जुनी सैल जाळी पसरली होती. तीत धामण अडकली. उंदरामागे आली असावी. सुटण्यासाठी जितकी पिळली तितका दोरा खवल्यांखाली रुतत गेला. म्हाताऱ्याने कात्रीने दोरे कापले, पण ती वाचली नाही. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "म्या काय तिला माराया टाकली नव्हती." त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. त्याला मला तेरच्या गोरोबाकाकांची आठवण द्यावीशी वाटली, दिली नाही. तेर आमच्याच जिल्ह्यातले, आणि चिखल तुडवताना विठ्ठलाच्या नामात देहभान हरपून पायांखाली आलेल्या बाळाची कथा तिथे लहान पोरही जाणते. त्या कथेत गोरोबांना कोणी खुनी म्हणत नाही. पण हेतू नव्हता म्हणून बाळ तुडवले गेले नाही, असेही कथा म्हणत नाही. पुढे देव येतो आणि बाळ परत देतो, हा भक्तीचा भाग झाला. धामणीसाठी देव आला नाही. म्हाताऱ्याने सैल जाळी काढून बारीक विणीची ताणून बसवली, एवढे झाले. ताणलेल्या बारीक जाळीत साप अडकत नाही.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो, कारण मला तोच सर्वांत बोचरा वाटतो. पतंग जातो कुठे? शेजारच्या वाफ्यात. ज्याला जाळी घेणे जमले नाही त्याच्या वाफ्यात. रानडुकरांसाठी आमच्याकडे बांधावर जुन्या साड्या बांधतात. शिवारातून जाताना लाल, हिरव्या, मोतिया साड्यांची ती लांबच लांब ओळ वाऱ्यावर हलताना दिसते, आणि यांतल्या किती साड्यांच्या गोधड्या व्हायच्या राहिल्या हे मनात येते. डुकरे त्या बिचकतात तोवर बिचकतात आणि साडी नसलेल्या रानात शिरतात. एकाच्या कुंपणाची किंमत दुसऱ्याने भरायची, असा हा व्यवहार. तो डुकराशी नसून शेजाऱ्याशी चाललेला असतो. डुक्कर निरोप्या फक्त. माणसाला वेशीबाहेर ठेवणारी कुंपणे ज्या मुलखाने शतकानुशतके पाहिली, त्याने तरी हे चटकन ओळखायला हवे.

आमच्या शाळेच्या कुंपणापलीकडे एका विधवा बाईची आठ-दहा सऱ्यांची वांगी आहेत. आठवडी बाजारात पाटी घेऊन बसते, त्यावर तिचे घर चालते. मुलांनी हिशेब केला, तर शाळेच्या वाफ्यांना लागून उरलेली जाळी तिच्या दोन सऱ्यांना पुरत होती. उरलेल्या सऱ्यांसाठी पोरांनी घरोघरच्या फाटक्या मच्छरदाण्या गोळा करायला घेतल्या आहेत. त्यांतल्या एकीला केवढे मोठे भोक आहे ते पाहून बाई हसली, "ह्यातून पाखरू न्हाई, तुमचे गुर्जी बी जातील." सध्या सुईदोरा घेऊन ती स्वतःच ओट्यावर शिवत बसते.