मनाची विचारपूस



आषाढात पंढरीच्या वाटेवर अनोळखी माणूसही शेजारच्याला विचारतो, "माउली, बरं आहे ना?" चालता चालता पायांची, पोटाची, घरची विचारपूस होते. 2020 साली ही वाट रिकामी होती. करोनामुळे संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. वारकरी घरीच राहिले. दरवर्षी चालणाऱ्या त्या पावलांना उंबऱ्याच्या आत बसणं किती जड गेलं असेल!

साथीत आपण ताप मोजला. हात धुतले. तोंड झाकलं. ते करायलाच हवं होतं. पण रात्री झोप का लागत नाही, घरातल्यांवर उगाच का चिडतो, हे कुणी कुणाला विचारलं? मनाचीही विचारपूस हवी. आधी आपल्या, मग दुसऱ्याच्या.

आणि विचारलं, तर थांबून ऐकावं. "काळजी करू नका" म्हणून फोन ठेवला, तर ती विचारपूस नव्हे. त्या वाक्यानं कुणाची काळजी कमी झालेली मी तरी पाहिली नाही. आपल्याला कुणी विचारलं, तर सवयीनं "मजेत" म्हणू नये. बरं नसेल तर तसं सांगावं. तेवढ्यानं भागलं नाही, तर डॉक्टरांकडे जावं. त्यात लाज कसली?

साथ सरली. पण तिच्यात माणूस गमावलेली घरं आपल्या आसपास आहेत. काहींना शेवटचं दर्शनही झालं नाही. मनाची विचारपूस तिथं अजून बाकी आहे. आज अशा एखाद्या घरी जाऊन या, श्रोतेहो. गेलेल्या माणसाचा विषय टाळू नका. नाव घेऊन आठवण काढा. बोलणं लांबेल. हाताशी वेळ ठेवूनच निघा.