बाण करणारा आणि मी
अवधूतांच्या २४ गुरूंमध्ये एक बाण करणारा कारागीर आहे. राजाची स्वारी वाजतगाजत समोरून गेली, त्याला पत्ता नाही. मला वाटायचं, यात काय अवघड?

यंदा डोळे साथ देईनात म्हणून गुरुचरित्राचा सप्ताह मोबाईलवर केला. अक्षर हवं तेवढं मोठं होतं. पाचव्या दिवशी ३६ वा अध्याय, आचारधर्माचा, लांबलचक. मध्येच मेसेज आला, बोट गेलंच. पुढच्या ओव्या ओठांनी म्हटल्या; काय वाचलं, आठवेना. मग वाचन घडलं का?

कारागिराचा बाण हातात होता, स्वारी रस्त्यावर. माझ्या तर दोन्ही एकाच हातात!

बँकेत बेरीज मध्येच तुटली की पहिल्या आकड्यापासून धरायचो. पोथी काढली, भिंग घेतलं, ३६ वा पुन्हा सुरू केला.