लांब दोऱ्याचा गुंता



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक २८.

या श्लोकात भगवंत तामस कर्त्याची लक्षणं सांगतात. हट्टी, कपटी, आळशी, सदा रडवा अशी यादी येते आणि शेवटी एक शब्द येतो, दीर्घसूत्री. आजचं काम उद्यावर आणि उद्याचं परवावर ढकलणारा. आजवर हा श्लोक वाचताना मला नेहमी दुसरेच कोणीतरी आठवायचे. ऑफिसातला एखादा, नात्यातला एखादा. या जानेवारीत मात्र तो शब्द माझ्याच ट्रंकेतून बाहेर आला.

दीर्घ म्हणजे लांब, सूत्र म्हणजे दोरा. लांब दोऱ्याचा माणूस.

माझं माहेर गोंदिया जिल्ह्यातलं, आमगावजवळचं एक खेडं. पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं लांबचा प्रवास. आमच्याकडे थंडी चांगलीच पडते, आणि जुन्या लुगड्या-धोतरांचे थर लावून त्यावर धावदोरा घालून गोधडी शिवायची रीत घराघरात होती. मला ते आजीनं शिवायला शिकवलं. सुईत दोरा ओवताना मी भलामोठा घ्यायचे. परत परत ओवायला नको, म्हणून. आजी तो सरळ कापून टाकायची. दोरा हातभरच घ्यायचा, तिचा नियम होता. लांब दोऱ्यानं कष्ट वाचतात असं वाटतं, पण तो मध्येच पीळ खातो, गाठ पडते आणि ती सोडवण्यात अर्धी दुपार जाते.

आता ट्रंकेबद्दल सांगते. तिच्यात तीन गोधड्या अर्धवट पडून होत्या. एक आजीसाठी, तिच्याच लुगड्यांची, २०१५ साली सुरू केलेली. दुसरी भाचीच्या बारशाला द्यायची होती. ती भाची आता तिसरीत आहे. तिसरी म्हणजे माझी हौस. व्हिडिओ पाहून डबलबेडच्या मापाचे चांदण्यांचे तुकडे कापले होते. त्यावर मशीननं फ्री मोशन क्विल्टिंग करून पानाफुलांची वेल काढायची आणि फोटो टाकायचे, असा बेत. सरावाला एका कोपऱ्यात वेल काढली, ती बिघडली, आणि तेव्हापासून सगळं बंद.

कोणी विचारलं की मी म्हणायचे, वेळच नाही मिळत. पण ते खरं नव्हतं. आजीची गोधडी थांबली, कारण तेच ते टाके घालून कंटाळा आला. भाचीची थांबली, कारण एकदा उशीर झाल्यावर लाज वाटायला लागली. उशीर जितका मोठा, तितकी वस्तू सुंदर व्हायला हवी, नाहीतर द्यायची कशी! तिसरी थांबली, कारण मला चांगलं जमत नाही हे मला स्वतःलाच बघवत नव्हतं. कंटाळा, लाज आणि अहंकार. या तिघांना मिळून मी 'वेळ नाही' हे नाव दिलं होतं.

आजी दर हिवाळ्यात फोनवर विचारायची, "काय वं बाई, माही गोधडी कवा होते?" मी म्हणायचे, "दिवाळीत नक्की." अशा चार दिवाळ्या गेल्या. २०१९ च्या डिसेंबरात आजी गेली. तेव्हा तिच्या अंगावर बाजारातलं एक पातळ ब्लँकेट होतं.

त्यानंतर मी गीतेचाच आधार घेतला. दुसऱ्या अध्यायाच्या ४० व्या श्लोकात भगवंत सांगतात की या मार्गावर केलेली सुरुवात वाया जात नाही, थोडंसं आचरणही मोठ्या भयातून तारतं. मी मनाशी म्हटलं, बघ, अर्ध्या गोधडीतला भावही देवाला पोचलाच की! मनाला फार बरं वाटलं. पण तिथं विषय कर्मयोगाचा आहे, सोडून दिलेल्या शब्दाचा नाही. खरं सांगायचं तर त्या श्लोकाचं मी पांघरूण केलं आणि माझ्या चुकीवर घातलं. ज्या म्हातारीला खरंच पांघरूण हवं होतं, तिला ते मिळालंच नाही.

मग देवाचा दिलासा खोटा का? नाही. सहाव्या अध्यायात अर्जुन नेमकं हेच विचारतो. श्रद्धा आहे, पण मन ढळलं आणि माणूस अर्ध्यावर थांबला, तर तो दोन्हीकडून जातो का, वाऱ्यानं फाटलेल्या ढगासारखा? भगवंत म्हणतात, भलं करू पाहणाऱ्याची दुर्गती होत नाही. आपण बहुतेक इथंच वाचन थांबवतो. पण पुढे ४३ व्या श्लोकात ते सांगतात की त्याला मागची बुद्धी परत मिळते आणि तो तिथून पुढे पुन्हा प्रयत्न करतो. म्हणजे दिलासा आहे तो दोऱ्याचं टोक हरवत नाही याचा. ते टोक उचलायचं काम आपलंच राहतं.

म्हणून या जानेवारीत बारा दिवस रजा टाकली आणि ट्रंक उघडली.

आधी सरावाला बसले. गावात मशीनवर भरतकाम करणाऱ्या एक काकू आहेत, त्यांनी जवळ बसून दाखवलं. नेहमीच्या शिवणात सुईखालचे दाते कापड पुढे ओढतात. फ्री मोशनमध्ये ते दाते खाली घ्यायचे, नेहमीचा फूट काढून उड्या मारणारा छोटा गोल फूट लावायचा, आणि कापड आपल्या हातांनी हवं तिकडं फिरवायचं. टाका लहान की मोठा, हे आता मशीन ठरवत नाही, हात आणि पाय मिळून ठरवतात. पाय जोरात आणि हात हळू, तर टाक्यांचा ढीग होतो. हात घाबरून झटका देतो, तेव्हा लांबलचक टाका पडतो. सुरुवातीला खालचा दोरा वर ओढून घेतला नाही, तर कापडाखाली दोऱ्याचं घरटंच तयार होतं! काकूंनी आधी कागद-पेन्सिल हातात दिली. हात न उचलता वेल काढायची, एकदा नाही, पन्नासदा. मग चिंध्यांच्या थरांवर. आणि एक गोष्ट त्या सारखी बजावत होत्या, सुईकडं नको पाहू, जिथं जायचं तिथं पाहा.

मनाला आवरायचा उपाय म्हणून सहाव्या अध्यायात अभ्यास आणि वैराग्य या दोन गोष्टी सांगितल्या आहेत. अभ्यास काय असतो ते मला त्या चिंध्यांवर कळलं. माझी चौथ्या दिवशीची वेल तिसऱ्या दिवशीपेक्षा वाईट होती. सहाव्या दिवशी जराशी बरी.

वैराग्याची गोष्ट तिसऱ्या गोधडीत निघाली. बिघडलेला कोपरा मी दोन संध्याकाळी उसवत बसले होते. आई म्हणाली, "उसवत बसशील तं कापडच फाटन." मग मी स्वतःला विचारलं, ही गोधडी कोणाला हवी आहे? कोणालाच नको होती. फक्त माझ्या फोटोंना हवी होती. अठराव्या अध्यायात त्यागाचेही प्रकार सांगितले आहेत. कष्टाच्या भीतीनं टाकलेलं काम हा राजस त्याग, त्याचं फळ मिळत नाही. मग मी भीतीनं सोडत होते का? बिघडलेला कोपरा तसाच ठेवून सराव चालू होता, त्यामुळे भीती उरली नव्हती. कापलेले सगळे तुकडे काकूंना देऊन टाकले. आठवड्याभरात त्यांनी त्यांच्या उशांचे अभ्रे केले.

भाचीच्या गोधडीला चारही बाजूंनी पट्ट्या जोडून ती मोठी केली आणि मधून बाहेर वेल काढत गेले, म्हणजे कापड मध्ये गोळा होत नाही. वेलीची पानं लहान-मोठी आहेत. भाचीनं ती पांघरली आणि म्हणाली, मावशी, यात हे पान माशासारखं दिसतं. तिला ते फार आवडलं.

आजीची गोधडी मात्र हातानंच पुरी केली. अंगणात उन्हात आई आणि मी, समोरासमोर, हातभर दोरा घेऊन. आजीनं सुरुवातीला घालून दिलेले टाके तांदळाच्या दाण्यासारखे एकसारखे आहेत. माझे तिथून वेडेवाकडे सुरू होतात. कुठं तिचा हात संपला ते कोणालाही दिसेल.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. मगधातली बांधांनी जोडलेली भातशेती दाखवून भगवान बुद्धांनी आनंदाला विचारलं, भिक्खूंची चीवरं अशी करता येतील का? आनंदानं तशी केली. आमच्या गावाभोवतीही अशाच धानाच्या बांध्या आहेत, म्हणून तो प्रसंग मला फार जवळचा वाटतो. नुसते तुकडे पडून असतात तोवर त्या चिंध्या असतात. कोणीतरी बसून जोडले की ते अंगावर घ्यायचं वस्त्र होतं.

पुरी झालेली गोधडी आठवण म्हणून कपाटात ठेवावी, असा मोह झाला होता. पण तशी ठेवली असती, तर ती परत अर्धीच राहिली असती. शेजारी आजीच्या बरोबरीच्या एक म्हातारबाई राहतात. त्यांना दिली. आजीला दिलेला शब्द यानं पाळला गेला, असं मी म्हणणार नाही. गेलेल्या चार हिवाळ्यांची थंडी कशानं परत येणार? पण शब्द मेलेल्या माणसाला दिला होता म्हणून तो मरत नाही. त्यातली ऊब कोणालातरी देणं लागतंच.

आजचा संकल्प: तुमच्याकडे गोधडी नसेल. अर्धा सोडलेला कोर्स असेल, न केलेला फोन असेल, पारायणाची खूण तिसऱ्याच अध्यायात अडकली असेल. त्यातलं एक आज बाहेर काढा आणि दोन प्रश्न विचारा. याची कोणी वाट पाहतंय का? आणि मी हे सोडतोय ते समजून, की घाबरून? वाट पाहणारं कोणी असेल तर आजच सुईत दोरा ओवा. हातभरच घ्या.

राम कृष्ण हरी!