पाताळांतील सोनें

सोन्याचा आजचा भाव घरांतील लहान मुलासही ठाऊक असतो. परंतु तें किती खोलांतून वर आलें, हें आपण सहसा विचारीत नाहीं. जोहान्सबर्गच्या नैर्ऋत्येस असलेली म्पोनेंगची खाण जवळजवळ ४ किलोमीटर खोल गेली आहे. तेथील खडक ६० अंशांहून अधिक तापलेला असतो. बर्फ व पाणी यांचें मिश्रण नळांवाटे खालीं सोडून हवा गार करावी, तेव्हां कोठें मनुष्य तेथें उभा राहतो. वरच्या भारानें खडक कधीं कधीं स्फोटासारखा फुटतो. आणि इतकें करून टनभर दगडामागें लाभ तो फार तर तोळाभर!

हें परवडतें कसें? १९३४ पासून १९७१ पर्यंत सोन्याचा सरकारी भाव औंसास ३५ डॉलरांवर बांधलेला होता, तरी खाणी खोल जातच राहिल्या. याचें एक कारण स्वस्त मजूर. तेथील कृष्णवर्णीय मजुरांचें खरें वेतन १९६९ सालीं १९११ पेक्षां अधिक नव्हतें. दगडाच्या धुळीनें ज्यांचीं फुप्फुसें निकामी झालीं, त्यांच्या भरपाईचा सुमारे ५०० कोटी रँडांचा करार न्यायालयानें मंजूर केला तो २०१९ सालीं.

मजूर स्वखुशीनें खाणींत उतरले, असें कोणी म्हणेल. १९१३ च्या कायद्यानें ज्यांच्या वाट्यास जमीनच फारशी उरली नाहीं, त्यांच्या खुशीस खुशी म्हणणें आम्हांस तरी जड जातें.

तर मग खाणी बंद कराव्या काय? कोलारची ३ किलोमीटरांहून खोल गेलेली खाण २००१ सालीं बंद झाली. तेव्हांपासून तेथील हजारों लोक पोटासाठीं रोज आगगाडीनें बंगळुरास जातात. शिवाय सोनें ही निव्वळ हौस नव्हे. १९९१ सालीं परकीय चलन संपत आलें असतां रिझर्व्ह बँकेनें सुमारे ४७ टन सोनें परदेशीं गहाण टाकलें, तेव्हां देशाची पत सांवरली. म्हणून सोन्याचा त्याग करा, असा उपदेश आम्ही करणार नाहीं. तो कोणी ऐकणारही नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, मजुराच्या श्वासाचा खर्च भावांत आधींच धरला जावा, पन्नास वर्षांनीं न्यायालयांत नव्हे. त्यानें तोळा महागला तर महागो. सराफाच्या पेढीवर आपण मजुरीवरून घासाघीस करतोंच. पण ती मजुरी सोनाराची असते.