दोन ठोक्यांमधलं अंतर

निरोगी हृदय घड्याळासारखं नेमकं चालतं, असं आपण समजतो. तसं ते चालत नाही. मिनिटाला साठ ठोके पडले, तरी प्रत्येक ठोका बरोबर एका सेकंदाने पडत नाही. श्वास घेताना नाडी किंचित वेग घेते, सोडताना मंदावते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्येच हे नोंदवलं होतं.

हा लवचीकपणा मुख्यतः व्हेगस या मज्जातंतूमुळे येतो. कामाचा ताण साचत गेला, मन कुढत राहिलं, की व्हेगसचा प्रभाव ओसरतो आणि ठोक्यांमधला फरक कमी होतो. म्हणजे मनावरचं ओझं छातीतही उमटतं, ते मोजताही येतं. ‘मनाला लावून घेऊ नकोस’ एवढं म्हणून भागत नाही.

२००१ मध्ये इटलीतील संशोधकांना आढळलं, की माळेवरची लॅटिन प्रार्थना किंवा ‘ओम मणि पद्मे हुम’ म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाची ही लय खुलते.

तेव्हा कामावर निघण्याआधी पाच मिनिटं बसा, श्वास सावकाश सोडा. आणि तुमच्या हाताखाली माणसं काम करत असतील, तर त्यांना रात्री करायचा कामाचा फोन सकाळी करा.