तांदळाच्या डब्यामागचा भूगोल

आमच्या आत्याकडे दिवाळी अंक दोन जागी असायचे. काही बैठकीतल्या टीपॉयवर, आल्यागेल्याला दिसतील असे. एखादा मात्र स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यामागे. त्याला खाकी कव्हर आणि वर आतेभावाचं लेबल : 'भूगोल, इयत्ता सातवी'. दुपारी झाकपाक झाली की आत्या ओट्याला पाठ टेकून फरशीवर बसायची आणि 'भूगोल' वाचायची. जिन्यात पाऊल वाजलं की पुस्तक डब्यामागे. पदराने कपाळ टिपत ती दार उघडायची, तेव्हा चेहऱ्यावर धास्ती असायची आणि दाबलेलं हसूही.

याला हल्लीची मुलं 'गिल्टी प्लेझर' म्हणतात. आपण क्रियापदाआधी नुसतं 'चोरून' लावतो : चोरून खाणं, चोरून बघणं, चोरून वाचणं. अपराधी वाटायला माणूस एकटाही पुरतो. चोरी म्हटली की पकडणारा आला, निदान जिन्यातलं पाऊल तरी. आपल्या मध्यमवर्गाची बोच पापापेक्षा शेजाऱ्यांचीच जास्त असते, असं माझं मत आहे.

डब्यामागच्या साहित्याने कोर्टाची पायरीही चढलेली आहे. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'शामा' आली आणि अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी धरलं. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये त्यांना निर्दोष ठरवलं. तो निकाल ऐकून कुणी खाकी कव्हर काढलं असेल, असं मला वाटत नाही. काढून वाचण्यात मजा ती काय?

ही मजा प्रयोगातही सापडली आहे. केली गोल्डस्मिथ, युनिस किम चो आणि रवी धर यांचा २०१२ चा अभ्यास सांगतो की अपराधभावाशी निगडित शब्द आधी डोळ्यांखालून गेले, तर नंतर खाल्लेलं चॉकलेट अधिक गोड लागतं. म्हणजे बोच ही सुखातला खडा नव्हे, फोडणीच. पण फोडणी करपतेही. मधुमेह असलेले आमचे एक काका रात्री दिवा न लावता, उभ्या उभ्या तीन बेसनलाडू संपवतात. सकाळी विचारा, लाडवात वेलची होती का? सांगता येत नाही. आत्या ओळ न् ओळ चवीने वाचायची. काका नुसते गिळतात.

बोच आणि मजा अशी एकत्र नांदते, तरी सुख आणि दुःख एकाच तराजूची दोन पारडी आहेत, एक वर गेलं की दुसरं खाली, असं आपण धरून चालतो. जेफ लार्सन आणि सहकाऱ्यांच्या २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 'लाइफ इज ब्युटिफुल' हा चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्यांना विचारलं, तेव्हा आनंद आणि दुःख दोन्ही एकदम वाटतंय म्हणणारे बरेच निघाले. १९९१ साली 'माहेरची साडी' बघायला पर्समध्ये जादा रुमाल टाकून निघालेल्या आमच्या मावशीला हे विचारायचीही गरज नव्हती. तिकीट काढून रडायचं, आणि घरी येऊन 'छान होता' म्हणायचं. विसर्जनाहून परतल्यावर रिकाम्या मखरासमोर आरती म्हणताना घशात जे अडकतं, त्याला तर आपल्याकडे धड नावही नाही.

आत्याने तो 'भूगोल' शेवटपर्यंत आमच्यासमोर कधी उघडला नाही. आम्हीही सगळे तो वाचत होतो, हे तिला ठाऊक होतं की नाही, कोण जाणे.

आणि वाचकहो, या वैचारिक लेखाआधी तुम्ही अंकाच्या शेवटच्या पानांवरचं राशिभविष्य वाचून आलात, हे मी ओळखलं आहे. माझी कन्या रास. कसं आहे वर्ष?